पट्टी बांधून काय दिसते?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळाशाळांतून एक उपक्रम हटकून होतो. ३ डिसेंबर हा अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळावा असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली ठरवले आणि पुढे हा दिवस आपल्या शाळांच्या वार्षिक नियोजनातही रुळला. परिपाठाला एखादे भाषण होते, फळ्यावर रंगीत खडूंनी सुविचार लिहिला जातो, आणि मग मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांना मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालायला लावतात. काही ठिकाणी कानांत बोळे घालून धडा ऐकवतात, काही ठिकाणी एक हात पाठीशी बांधून दप्तर भरायला सांगतात. हेतू चांगला असतो. दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय त्याचे दुःख कळत नाही, असे आपण सगळेच मानतो. आम्हीही मानत होतो.

आता या उपक्रमाविषयी आमची तक्रार आहे. ती मांडण्यापूर्वी, ज्या दिवशी ती मनात आली तो दिवस सांगायला हवा.

आमचे काम ध्वनिविज्ञानातले. त्यामुळे एका तालुक्याच्या गावच्या माध्यमिक शाळेने त्या दिवशी आम्हांला ‘ध्वनी’ या विषयावर बोलायला बोलावले होते. दुसरे पाहुणे होते ते बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक जन्मांध गृहस्थ. सकाळी दहाच्या सुमारास ते एकटेच आले. फाटकातून आत शिरले, पांढरी काठी टेकत व्हरांड्यापर्यंत आले, पायऱ्या चढले आणि तिथे उभ्या असलेल्या मुलांना त्यांनी विचारले, “ऑफिस कुठल्या बाजूला, रे?” “उजवीकडे काका, दुसरं दार,” एक मुलगा म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. यात कुणालाच काही विशेष वाटले नाही.

मग उपक्रम झाला. नववीच्या मुलामुलींच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. मुले धडपडली, एकमेकांवर आदळली, दोघी-तिघी मध्येच खाली बसल्या, एक मुलगा घाबरून रडकुंडीला आला. पट्ट्या सोडल्यावर प्रत्येकाला चार ओळी लिहायला सांगितल्या. त्यांतल्या निवडक चिठ्ठ्या मुख्याध्यापिकाबाईंनी वाचून दाखवल्या. अंधांचे आयुष्य किती भयंकर असते ते आज कळले. देवाने मला डोळे दिले म्हणून मी त्याची आभारी आहे. आपण त्यांना सतत मदत केली पाहिजे. टाळ्या झाल्या. ते गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून शांत बसले होते. नंतर प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, “काका, तुम्हांला घरी कोण नेऊन सोडणार?”

“एस.टी.,” ते म्हणाले.

दुपारी दोनच्या सुमारास ते निघाले तेव्हा चार मुलांनी त्यांना दोन्ही दंडांना धरले. एकाने त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि ती स्वतः सांभाळत पुढे चालू लागला. “पायरी, काका, पायरी!” असा एकच गलबला झाला. सकाळी ज्या पायऱ्या ते सहज चढून आले होते त्याच पायऱ्यांवर त्यांचा तोल गेला, कारण दोन मुले त्यांना ओढत होती आणि दोन मागे खेचत होती. ती मुले तीच होती. सकाळी “उजवीकडे, दुसरं दार” म्हणणारा मुलगाही त्यांत होता. चार तासांत त्या गृहस्थांमध्ये काहीच बदलले नव्हते. बदलली होती मुलांची समजूत, आणि ती आम्ही मोठ्यांनी बदलली होती.

एका घटनेवरून सिद्धांत मांडू नये, हे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगत असतो. म्हणून या विषयावर कुणी रीतसर प्रयोग केले आहेत का, हे पाहिले. केलेले आहेत. कोलोराडो विद्यापीठातील एरिएल सिल्व्हरमन (त्या स्वतः अंध आहेत) आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना डोळ्यांवर पट्टी बांधून रोजची साधी कामे करायला लावली; तुलनेसाठी घेतलेल्यांना ती लावली नाही. नंतर सगळ्यांना विचारले, की अंध माणूस नोकरी कितपत करू शकेल, एकटा कितपत राहू शकेल? ज्यांनी पट्टी बांधली होती त्यांनी अंधांना कमी सक्षम ठरवले. आपण स्वतः अंध झालो तर आपले कसे होईल, याचे त्यांचे भाकीतही अधिक निराशेचे होते. मिशेल नारिओ-रेडमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असाच अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केला. त्यात चाकांची खुर्ची, ऐकण्यातला अडथळा, वाचनातली अडचण अशी सोंगे होती. सोंग घेतल्यावर विद्यार्थ्यांच्या मनात ओलावा वाढला हे खरे. पण त्याबरोबर गोंधळ, संकोच आणि असहायतेची भावनाही वाढली, आणि अपंग व्यक्तींशी मिसळण्याकडे त्यांचा कल मात्र सुधारला नाही.

ही माणसे वयाने मोठी होती, शाळकरी मुले नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. पण मोठ्या माणसापाशी निदान दुसरी माहिती असते. चौदा वर्षांच्या मुलापाशी पट्टीचा अनुभव हाच पुष्कळदा पहिला आणि एकमेव पुरावा असतो, म्हणून आम्हांला त्याची अधिक काळजी वाटते.

चूक नेमकी कुठे होते? प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की त्याची सुरुवातीची वाचने आम्ही टाकून देतो. यंत्र तापलेले नसते, आपला हात बसलेला नसतो; त्या वाचनांतून उपकरणाचा गुण कळत नाही, आपले नवखेपण कळते. पट्टी बांधलेल्या मुलाला मिळतात ती अंधत्वाची पहिली दहा मिनिटे. ती खरोखरच भयंकर असतात. पण जन्मापासून अंध असलेल्या माणसाच्या आयुष्यात ती दहा मिनिटे कधी आलेलीच नसतात आणि पुढे अंध झालेल्याच्या आयुष्यात ती केव्हाच मागे पडलेली असतात. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून ‘पोहणाऱ्यांचे हाल कळले ना?’ असे विचारण्याइतकाच हा प्रयोग सदोष आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडे डोळे बांधण्याचा एक जुना खेळ आहे, आंधळी कोशिंबीर. त्याच्या नावातला ‘आंधळी’ आज कुणाला खटकेल, पण खेळ म्हणून तो या उपक्रमापेक्षा अधिक शास्त्रीय आहे. ज्याच्यावर राज्य येते तो पहिल्या डावात भेलकांडतो. संध्याकाळ सरेपर्यंत बांगड्यांच्या किणकिणीवरून, दाबलेल्या हसण्यावरून, पावलांच्या घसटीवरून तो नेमका गडी धरतो. त्याच्याविषयी कुणाला करुणा वाटत नाही. उलट त्याच्या कानांची भीती वाटते.

या कानांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण मुलांना दाखवायचे ते नेमके राहून गेले.

अंध माणसे भिंतीजवळ आली की तिला न शिवता थांबतात, हे फार पूर्वीपासून लोकांच्या लक्षात आलेले होते. कसे कळते म्हणून विचारले तर पुष्कळ अंध व्यक्ती स्वतःच सांगत, की चेहऱ्यावर काहीतरी जाणवते. त्यामुळे या क्षमतेला ‘चेहऱ्याची दृष्टी’ असे नाव पडले. त्वचेला हवेचा दाब कळत असावा, अशी कल्पना होती. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मायकेल सुपा, मिल्टन कॉटझिन आणि त्यांचे प्राध्यापक कार्ल डॅलेनबाख यांनी या कल्पनेची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध १९४४ साली आला. सुपा स्वतः अंध होते. प्रयोगात दोन अंध आणि दोन डोळस माणसे घेतली आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. समोर कुठेतरी एक फळी उभी करायची आणि चालत जायचे. अडथळ्याची चाहूल लागली की सांगायचे, अगदी जवळ आलो असे वाटले की पुन्हा सांगायचे.

बूट घालून कठीण जमिनीवर चालताना चाहूल लांबून लागे. नुसत्या मोज्यांनी मऊ गालिच्यावर चालायला लावले की ती उशिरा लागे. मग चेहरा आणि हात जाड कापडाने झाकले. तरी फळी कळली. मग चेहरा उघडा ठेवून कान घट्ट बंद केले, आणि अंध असोत की डोळस, सगळे फळीवर आदळू लागले. शेवटी तर प्रयोग करणारा ध्वनिग्राहक हातात धरून फळीकडे चालत गेला आणि परीक्षार्थी दुसऱ्या खोलीत बसून कानाला लावलेल्या यंत्रातून ते आवाज ऐकत राहिला. तिथे चेहऱ्यावर हवा लागण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही फळी जवळ आल्याचे त्याला ओळखता आले. म्हणजे ‘चेहऱ्याची दृष्टी’ ही कानांची करामत होती. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की डोळस परीक्षार्थींनाही सरावाने ही कला साधू लागली.

इथे एखादे विज्ञानशिक्षक हरकत घेतील. प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येण्यासाठी अडथळा निदान १७ मीटर लांब हवा, असे आपण शिकवतो. आवाजाचा ठसा सुमारे ०.१ सेकंद टिकतो म्हणून. मग हाताच्या अंतरावरच्या फळीचा प्रतिध्वनी कसा ऐकू येईल? हरकत रास्त आहे. १ मीटरवरच्या फळीवरून आवाज सुमारे ६ सहस्रांश सेकंदात परत येतो. तो वेगळा असा ऐकू येतच नाही. पण तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याचा रंग बदलतो. रिकाम्या खोलीत आणि सामानाने भरलेल्या खोलीत आपलाच आवाज वेगळा वाटतो, तसे. कॉटझिन आणि डॅलेनबाख यांनी १९५० साली दाखवले, की या कामात उंच पट्टीचे, सुमारे १०,००० हर्ट्झच्या घरातले घटक महत्त्वाचे असतात. गणित करून पाहा: अशा ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. लहानसहान वस्तूंवरूनही तो परततो. काठीचे टोक फरशीवर आपटले की निघणाऱ्या ‘टक’मध्ये हे घटक भरपूर असतात. आणि आमच्या त्या मुलांनी पाहुण्यांना मदत करताना सगळ्यांत आधी काढून घेतली ती काठीच!

तेव्हा पट्टीला आमचा विरोध नाही. दहा मिनिटांच्या पट्टीला आहे. हाच कॉर्नेलचा प्रयोग एखाद्या शाळेने पुठ्ठ्याची मोठी फळी घेऊन रोज पंधरा मिनिटे, असे दोन आठवडे केला, कान उघडे आणि कान बंद अशी दोन्ही वाचने वहीत मांडली, तर मुलांना अंधांविषयी जे कळेल ते चिठ्ठीतल्या चार ओळींपेक्षा फार निराळे असेल.

पण मुलांच्या मनात अपंगांविषयीची वृत्ती या एका दिवशी तयार होते असे थोडेच आहे? ३ डिसेंबर उजाडतो तेव्हा ती बरीचशी तयार झालेली असते. ती कुठून येते, याबाबत एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. स्टीफन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली दहा-अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलांपुढे सहा चित्रे ठेवली. एकात धडधाकट मूल, दुसऱ्यात कुबड्या आणि पायाला कॅलिपर असलेले, तिसऱ्यात चाकांच्या खुर्चीत बसलेले, चौथ्यात डावा पंजा नसलेले, पाचव्यात चेहऱ्यावर व्यंग असलेले, सहाव्यात लठ्ठ. ‘तुला सर्वांत कोण आवडते?’ असे विचारायचे, ते चित्र बाजूला काढायचे आणि उरलेल्यांतून पुन्हा विचारायचे. मुले गावातली असोत की शहरातली, गरीब घरची असोत की सुखवस्तू, एकूण क्रम जवळपास तोच आला: आत्ता सांगितला तोच. धडधाकट पहिले, लठ्ठ शेवटचे. मुलींनी दिसण्यातल्या वैगुण्याला, तर मुलग्यांनी हालचालीच्या अडचणीला थोडे अधिक खाली ढकलले, एवढाच फरक. आणि ज्या मुलांना स्वतःलाच अपंगत्व होते त्यांनीही हाच क्रम लावला.

या प्रयोगावर आमचा आक्षेप आहे. ‘सगळी सारखीच आवडतात’ किंवा ‘मी यांना ओळखत नाही, मला कसे कळणार?’ असे म्हणायची सोयच मुलाला ठेवलेली नाही. रांग लावायला सांगितली की मूल रांग लावते; शाळेत आपण त्याला रोज तेच शिकवतो. रेघांनी काढलेल्या त्या चित्रातल्या मुलाला नाव नाही, तो गोट्या कशा खेळतो ते ठाऊक नाही. तेव्हा हा प्रयोग मैत्रीविषयी फारसे सांगत नाही. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. हजारो मैल अंतरावरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या मुलांनी क्रम तोच लावला, आणि कॅलिपर लावलेल्या मुलानेही आपल्यासारख्या चित्राला दुसरे स्थान दिले, याचा अर्थ हा क्रम मुलांनी आपापल्या अनुभवातून शोधलेला नव्हता. तो घरातल्या, शाळेतल्या, गोष्टींतल्या हवेतच होता. २००३ साली जेनेट लॅटनर आणि अल्बर्ट स्टंकार्ड यांनी तीच चित्रे पाचवी-सहावीच्या ४५८ मुलांना दाखवली. मधल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत अपंगांच्या शिक्षणाचे आणि हक्कांचे मोठे कायदे झाले होते. धडधाकट मूल तरीही पहिलेच राहिले, आणि शेवटच्या लठ्ठ मुलाची नावड तर आणखी वाढली होती.

ही हवा आपल्याकडे कशी भरली जाते ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बसच्या रांगेत चार वर्षांचे मूल मोठ्याने विचारते, “आई, त्या काकांचा पाय कुठे गेला?” आई हात दाबते, “शूऽ! असं बोलू नये.” मुलाचा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा होता, ‘चाकांचा ट्रक आणि तीन चाकांची रिक्षा’ याच जातीचा. त्याला उत्तर मिळाले नाही, पण धडा मिळाला. ज्याचे नावही घेऊ नये असे काहीतरी या काकांपाशी आहे. पुढच्या वेळी ते मूल विचारणार नाही, नजर वळवेल. मग मोठेपणी त्याच्या वळलेल्या नजरेला आपण ‘संवेदनशीलतेचा अभाव’ म्हणतो आणि तिच्यासाठी उपक्रम घेतो. “काका, तुम्ही सांगाल का याला?” असे त्या आईने विचारले असते, तर बहुतेक काकांनी सांगितलेही असते. नसते सांगायचे तर तसे म्हणाले असते.

दुसरा धडा कारणांचा. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात एक गोष्ट दिली आहे. सफरचंदे चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. ‘त्याने चोरी केली नसती तर पडला असता का?’ लहान मुले म्हणतात, ‘नसता.’ पुलाच्या लाकडालाच जणू न्याय करता येतो! वय वाढते तसा हा विचार बहुतेकांच्या बाबतीत सैल होत जातो. आता या वयाच्या मुलाच्या कानांवर आपल्या घरात काय पडते? ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत.’ ‘कुणाचे तळतळाट लागले.’ ‘हिने ग्रहणात भाजी चिरली, म्हणून बाळाचा ओठ फाटला.’ जो विचार वयाबरोबर गळून पडायचा, त्याला आपण टेकू देऊन उभा ठेवतो. गर्भाच्या ओठाचे भाग गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान सांधले जातात. पुष्कळदा आईला दिवस गेल्याची खात्रीही त्या वेळी झालेली नसते. ग्रहणाशी त्याचा संबंध नाही, हे विज्ञानाचे शिक्षक ग्रहणाच्या धड्यात सांगतातही. पण आठवीच्या वर्गात ओठाची शस्त्रक्रिया झालेला एखादा मुलगा बसलेला असतो. त्याच्या आईला शेजारणींनी काय काय ऐकवले असेल, हे वर्गातली मुले घरून ऐकून आलेली असतात. ही दोन टोके जोडायची राहून जातात.

शब्दांविषयी एकच वाक्य लिहितो, कारण त्यावर शाई पुष्कळ खर्च झाली आहे. अपंग, विकलांग आणि २०१५ नंतर सरकारी कागदांवर दिव्यांग, असे शब्द बदलत गेले. मधल्या सुट्टीत “ए लंगड्या” ही हाक मात्र ज्या मैदानावर होती तिथेच आहे.

आणि तिसरा धडा, जो आमच्या मते सर्वांत प्रभावी आहे, तो मैदानाचाच. कवायतीच्या तासाला कॅलिपर लावणाऱ्या मुलाला आपण काय सांगतो? “तू बस, बाळ. सगळ्यांची दप्तरं सांभाळ.” यात दुष्टावा नाही, माया आहे. पण पाचवीपासून दहावीपर्यंत आठवड्यातून तीनदा हे दृश्य चाळीस मुले पाहतात. कुठलेही भाषण न करता त्यांना कळते, की जगात खेळणारे आणि दप्तरे सांभाळणारे असे दोन प्रकार असतात. प्रयोगशाळेतही हेच चालते. ज्या मुलीला कमी दिसते तिच्याकडे निरीक्षणे ‘लिहून घेण्याचे’ काम येते. तेही दुसरीने सांगितलेली. एका वर्गात बसवले म्हणजे सहवास घडला, अशी आपली समजूत आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरच्या १९५४ सालच्या ग्रंथात बजावले होते, की नुसत्या सहवासाने भागत नाही. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांवाचून अडेल असे काम आणि संस्थेचा पाठिंबा असेल तर पूर्वग्रह वितळतात. पुढे टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ३८ देशांतले ५१५ अभ्यास एकत्र करून २००६ साली निष्कर्ष काढला, की संपर्काने पूर्वग्रह बहुधा कमी होतातच. ऑलपोर्टच्या अटी काटेकोर पाळल्या नाहीत तरी काही उपयोग होतो, पाळल्या तर अधिक होतो. दप्तरे सांभाळण्यात यांतली एकही अट बसत नाही.

शिक्षक म्हणतील, ‘चाळीस मिनिटांचा तास, साठ मुले, अभ्यासक्रम संपवायचा, आम्ही आणखी काय काय करायचे?’ खरे आहे. म्हणून फार काही न करणाऱ्या एका बाईंची हकीकत सांगतो. हेरात व्हर्मे हा मुलगा १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मला आणि तीन वर्षांचा होता होता पूर्ण अंध झाला. कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीला आले. चौथीत त्याच्या वर्गाच्या बाई फ्लोरिडाला गेल्या होत्या. येताना समुद्रकिनाऱ्यावरचे शंख-शिंपले त्यांनी आणले आणि खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवले. सगळ्या वर्गासाठी. व्हर्मेने ते हातात घेतले. उष्ण समुद्रातल्या त्या शंखांचे काठ, खाचा, आतली गुळगुळीत बाजू त्याच्या बोटांना थंड समुद्रांतल्या शंखांपेक्षा फार वेगळी लागली, आणि हे असे का, हा प्रश्न त्याला पडला. पुढे ते शंखांचे जगप्रसिद्ध अभ्यासक झाले, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत प्राध्यापक झाले. खेकड्यांनी फोडलेले आणि मग गोगलगायीने दुरुस्त केलेले शंख बोटांनी चाचपून त्यांनी शिकारी आणि भक्ष्य यांच्यातल्या कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा सिद्धांत मांडला. डोळ्यांनी पाहणाऱ्यांनाही तेच शंख उपलब्ध होते.

त्या बाईंनी अंध मुलासाठी वेगळा उपक्रम घेतला नव्हता. हाताळता येतील अशा वस्तू हाताला येतील अशा जागी ठेवल्या होत्या, काचेच्या कपाटात कुलूप लावून नव्हे. आपल्या शाळांतली नमुन्यांची कपाटे आठवून पाहावीत.

चाकांच्या खुर्चीचेही तसेच. मुलाला खुर्चीत बसवून ‘आता कसे वाटते?’ म्हणून विचारण्यापेक्षा मुलांना टेप देऊन शाळा मोजायला लावावी. उतरंडीची चढण किती? १ मीटर उंचीला १२ मीटर लांबी, हे सर्वसाधारण मान्य प्रमाण आहे. कागदोपत्री दाखवण्यासाठी बांधलेल्या पुष्कळ उतरंडी इतक्या उभ्या असतात, की तिथे खुर्चीतला मुलगा लुळा ठरत नाही, गणित लुळे ठरते. हे प्रमाण, कोन आणि दरवाजाची रुंदी सातवीच्या मुलांना मोजता येते. मग दोष कुणाचा, हा प्रश्न ती आपणहून विचारतात.

पुढच्या वर्षी त्याच शाळेचे पत्र आले. आम्ही वरच्यातले बरेचसे मुख्याध्यापिकाबाईंना लिहिले होते, थोडे उर्मटपणेच; तरी त्यांनी बोलावले, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी चिठ्ठ्यांचा कार्यक्रम काढून टाकला होता आणि दहावीच्या मुलांकडून पुठ्ठ्याच्या फळीचा प्रयोग दहा दिवस करून घेतला होता. वाचने फारशी चांगली नव्हती; मैदानावर वाऱ्याचा आवाज फार, आणि अर्ध्या मुलांनी अनवाणी चालून प्रयोगाची वाट लावली होती. तेच निवृत्त गृहस्थ पुन्हा आले होते. प्रश्नांची वेळ झाली. एक मुलगी उठली आणि तिने विचारले, “काका, पाऊस पडत असला की तुम्हांला भिंत कळते का?”

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. छत्रीवर पाऊस वाजायला लागला की काठीचा आवाज बुडतो, म्हणाले, तेव्हा रस्ता ओलांडताना त्रासच होतो. पण घराच्या ओट्यावर उभे राहिले तर उलटे होते. पत्र्यावरचा पाऊस निराळा, केळीच्या पानावरचा निराळा, रिकाम्या बादलीतला निराळा, समोरच्या मोटारीच्या टपावरचा निराळा. एरवी गप्प असलेले अंगण पावसात सगळे बोलू लागते आणि कुठे काय आहे ते बसल्या जागी कळते. मुलीने विचारले, गारा पडल्या तर? त्यावर बोलणे इतके लांबले, की आमच्या भाषणाला वेळ उरला नाही.